जैन धर्म मगधाबाहेर कसा गेला?



मागच्या व्याख्यानात आपण श्रमण परंपरेचा उगम पाहिला. यज्ञसंस्थेपासून वेगळे राहिलेले परिव्राजक, आजीवक, बौद्ध आणि निर्ग्रंथ हे सगळे गंगेच्या मधल्या खोऱ्यातच का उदयाला आले, इथपर्यंत आपण आलो होतो. निर्ग्रंथ हे जैनांचं जुनं नाव. ज्याच्या गाठी सुटल्या आहेत तो निर्ग्रंथ. हे निर्ग्रंथ आपल्या मूळ प्रदेशाबाहेर कसे गेले, हा आजचा विषय.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. या धर्माचा साधू कसा जगतो ते आधी पाहा. तो पायी चालतो, वाहनात बसत नाही. पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबतो, कारण त्या दिवसांत वाटेवर जीवजंतू फार असतात. पैशाला हात लावत नाही. स्वतः शिजवत नाही आणि दुसऱ्याला शिजवायला सांगत नाही. सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाही. असा माणूस वैशालीहून निघून मदुराईपर्यंत पोचतो कसा? परंपरेनुसार महावीरांचं निर्वाण इ. स. पूर्व ५२७ मधलं. आधुनिक अभ्यासक ते आणखी अलीकडे आणतात. म्हणजे अवघ्या तीन-चार शतकांत हा प्रवास झाला.

पाठ्यपुस्तकात याचं उत्तर एका शब्दात असतं : राजाश्रय. मग तीन नावं येतात, चंद्रगुप्त मौर्य, संप्रती आणि कलिंगाचा खारवेल. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. राजा लेणं कोरून देईल, जमीन देईल, उपद्रव करणाऱ्याला शिक्षा करील. रोजची भिक्षा काही राजा देऊ शकत नाही. उलट जैन आचारात 'राजपिंड' म्हणजे राजाच्या घरचं अन्न साधूला वर्ज्य सांगितलं आहे. म्हणून आज आपण राजांचा माग सोडून भिक्षेचा माग काढू.

भिक्षेचा नियम

साधूच्या भिक्षेला जैन लोक गोचरी म्हणतात. गाय चरताना एकाच जागचं गवत मुळासकट ओरबाडत नाही. इथे थोडं, तिथे थोडं असं चरते. तसंच साधूनं अनेक घरांतून थोडं थोडं घ्यायचं. दिगंबर मुनी तर उभ्यानं, हाताच्या ओंजळीतच आहार घेतात. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की साधूसाठी म्हणून मुद्दाम केलेलं अन्न त्याला चालत नाही. त्याला औद्देशिक आहार म्हणतात, आणि तो सदोष. भिक्षेचे असे बेचाळीस दोष शास्त्रात मोजले आहेत.

आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बौद्ध भिक्खू गृहस्थाचं जेवणाचं निमंत्रण घेऊ शकत होता. 'उद्या संघासह माझ्याकडे या' असं कुणी म्हटलं तर बुद्ध ते स्वीकारत, असे कितीतरी प्रसंग पाली साहित्यात आहेत. निर्ग्रंथाला हे करता येत नाही. त्याच्यासाठी काही शिजवायचं नाही, आणि तरीही घरात त्याला चालेल असं काहीतरी असलं पाहिजे. म्हणजे त्या घराच्या रोजच्या सवयीच तशा हव्यात. मांस शिजत नसेल, पाणी उकळलेलं मिळेल, देणाऱ्या बाईला कसं द्यायचं आणि काय द्यायचं नाही हे ठाऊक असेल, असं घर. एक घर पुरत नाही, अशी दहा-वीस घरं लागतात. आणि पुढच्या मुक्कामावरही तशीच घरं लागतात.

तेव्हा जैन धर्माचा प्रसार हा आधी स्वयंपाकघरांचा प्रसार आहे. मी हे गमतीनं म्हणत नाही, जैनांचीच जुनी साधनं तसं सांगतात. आपण ती एकेक करून पाहू.

लाढ देशातली कुत्री

आचारांगसूत्राच्या पहिल्या श्रुतस्कंधाची भाषा आगमांमध्ये फार जुनी समजली जाते. त्यात महावीरांच्या तपश्चर्येचं वर्णन आहे. ते लाढ देशात, वज्रभूमी आणि शुभ्रभूमी या भागांत हिंडले. लाढ म्हणजे राढ, आजचा पश्चिम बंगाल. तिथे त्यांच्यावर लोकांनी कुत्री सोडली. कुत्री चावत असताना ती आवरायला क्वचितच कुणी पुढं आलं. गावाजवळ पोचण्याआधीच त्यांना हाकलून दिलं, काठ्यांनी मारलं. खायला मिळालं ते रूक्ष.

नव्या प्रदेशात गेलेल्या निर्ग्रंथाचं स्वागत कसं झालं, याचं हे अगदी जुनं चित्र. यात एक प्रामाणिकपणा आहे. कुणी शरण आलं, कुणाचं मन पालटलं असं काही इथे नाही. तपस्वी आला, मार खाल्ला, पुढे गेला. त्या लोकांच्या बाजूनंही विचार करून पाहा. एक नग्न, अनोळखी माणूस दारात येऊन उभा राहतो. बोलत नाही, काही विकत नाही. त्याला काय द्यायचं, तो आहे कोण, हे कळायला काही मार्गच नाही.

सीमारेषा

या अनुभवातून संघानं नियम केला असावा. बृहत्कल्पसूत्र हा साधूंच्या आचारनियमांचा ग्रंथ आहे. त्यात साधूसाध्वींनी कुठवर जावं हे सांगितलं आहे : पूर्वेला अंग-मगध, दक्षिणेला कौशांबी, पश्चिमेला स्थूणा, उत्तरेला कुणाल म्हणजे श्रावस्तीचा प्रदेश. ढोबळ मानानं आजचा बिहार, उत्तर प्रदेश आणि हरियाणाचा काही भाग. एवढंच आर्यक्षेत्र. याच्या पलीकडे जायचं नाही.

पण सूत्र तिथे संपत नाही. शेवटी एक वाक्य येतं, त्याचा आशय असा : याच्या पलीकडेही जिथे ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य वाढतं, तिथे जावं. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. ही सीमा मातीची नाही. अमुक भूमी पवित्र आणि तमुक अपवित्र असं सूत्राला म्हणायचं नाही. जिथे आचार पाळता येतो ते क्षेत्र आपलं. क्षेत्र वाढवायचं असेल तर सैन्य नको, आचार पाळता येईल अशी परिस्थिती हवी.

ती परिस्थिती कशी वाढत गेली, याचा पुरावा गावांच्या नावांत सापडतो. कल्पसूत्रातल्या स्थविरावलीत गुरुशिष्यांच्या परंपरा आणि त्यांच्या शाखा दिल्या आहेत. भद्रबाहूंचे शिष्य गोदास यांच्यापासून निघालेल्या शाखांची नावं ऐका : ताम्रलिप्तिका, कोटिवर्षीया, पुंड्रवर्धनीया. ताम्रलिप्ती म्हणजे आजचं तामलुक, समुद्रव्यापाराचं मोठं बंदर. कोटिवर्ष म्हणजे उत्तर बंगालातलं बाणगड. पुंड्रवर्धन म्हणजे आजच्या बांगलादेशातलं महास्थानगड. तिन्ही शहरं, तिन्ही व्यापाराची. आणि गंमत अशी की पुढे प्रज्ञापनासूत्रात साडेपंचवीस आर्यदेशांची यादी येते, तिच्यात कोटिवर्ष ही ज्याची राजधानी तो देश म्हणून लाढचं नाव आहे. ज्या लाढमध्ये कुत्री अंगावर सोडली होती, तोच देश काही शतकांनी आर्यदेशांत मोजला गेला. तिथली माणसं तीच राहिली असतील. मधल्या काळात काही दारं उघडली.

मथुरेतले शिलालेख

आता पश्चिमेकडे येऊ. मथुरेला कंकाली टीला नावाचं टेकाड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे उत्खनन झालं आणि जैन स्तूपाचे अवशेष, मूर्ती, आयागपट आणि पुष्कळ लेख मिळाले. बरेचसे कुषाण काळातले, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतले. जर्मन पंडित जॉर्ज ब्यूलर यांनी हे लेख वाचले आणि त्यांच्या लक्षात आलं की लेखांतली गण, कुल आणि शाखा यांची नावं कल्पसूत्रातल्या यादीशी जुळतात. तोवर ही यादी म्हणजे नंतरची रचना असावी, अशी शंका घेता येत होती. दगडानं ती शंका मिटवली.

या लेखांचा साचा ठरलेला आहे. अमुक वर्षी, अमुक गणाच्या, अमुक शाखेच्या आचार्यांची शिष्या अमुक साध्वी. तिच्या सांगण्यावरून अमक्याची मुलगी, अमक्याची सून, अमक्याची बायको हिनं ही मूर्ती दिली. दान देणाऱ्यांत बायका फार आहेत. व्यापाऱ्यांच्या घरच्या आहेत, सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या घरची आहे, एक गणिका आहे. सरस्वतीची आपल्याला ठाऊक असलेली अगदी जुनी मूर्ती इथलीच. ती गोव नावाच्या लोहाराचं दान आहे, तीवर ५४ हे वर्ष आहे, आणि आज ती लखनौच्या संग्रहालयात आहे.

राजा या लेखांत येतो तो वर्ष सांगण्यापुरता. खरा व्यवहार आहे साध्वी आणि गृहिणी यांच्यातला. एक दारात येते, दुसरी दार उघडते. वर्षानुवर्षं हे झालं की एक दिवस दगडावर दोघींची नावं शेजारी शेजारी कोरली जातात. बृहत्कल्पाच्या भाष्यात मथुरेबद्दल म्हटलं आहे की तिथले लोक शेतीवर नव्हे, व्यापारावर जगतात. त्या शहरात रोज नवा माणूस येत असणार. अनोळखी पाहुण्याची सवय असलेलं गाव साधूलाही लवकर सामावून घेतं.

याच भाष्यात, साधूनं नव्या देशात जाताना काय पाहावं, याची चर्चा आहे. तिला जनपदपरीक्षा म्हणतात. धान्य कशावर पिकतं ते पाहा : लाटदेशात पावसावर, सिंधूत नदीवर, द्रविडात तळ्यांवर, उत्तरेत विहिरींवर. तिथली बोली शिका. जंगलातून जायचं तर सार्थाबरोबर जा. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : कुणी गाड्यांचा, कुणी लादलेल्या जनावरांचा, कुणी अंगावर ओझी वाहणाऱ्यांचा, वगैरे. ही माहिती कुणाला हवी असते? ज्याला उद्या कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी दारात उभं राहायचं आहे त्याला.

संप्रती आणि महागिरी

आता राजांकडे वळू. संप्रती हा अशोकाचा नातू, कुणालाचा मुलगा. जैन परंपरेत त्याचं स्थान बौद्ध परंपरेतल्या अशोकासारखं आहे. त्याची कथा भाष्यांमध्ये येते, म्हणजे त्याच्या काळानंतर सात-आठशे वर्षांनी लिहिली गेली. तेव्हा तिच्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण कथा कशाबद्दल आहे ते मात्र पाहण्यासारखं आहे.

कौशांबीत दुष्काळ पडला होता. एका भुकेल्या भिकाऱ्यानं पाहिलं की या साधूंना मात्र लोक देतात. त्यानं त्यांच्याकडे अन्न मागितलं. आचार्य सुहस्तींनी त्याला दीक्षा दिली. तो इतका जेवला की त्याच रात्री मेला. पुढल्या जन्मी तो संप्रती झाला. उज्जैनीत मिरवणुकीत सुहस्तींना पाहताच त्याला पूर्वजन्म आठवला. मग त्यानं काय केलं? आंध्र, द्रविड, महाराष्ट्र, कुडुक्क म्हणजे कोडगू, हे सीमेवरचे देश साधूंना जाण्याजोगे केले. कसे? त्यानं आपली माणसं साधूच्या वेषात तिकडे पाठवली. त्यांनी लोकांना शिकवलं की असं असं अन्न, असं असं पाणी, हे हे दोष टाळून द्यायचं असतं. लोकांना सवय लागल्यावर खरे साधू गेले.

बघा, सगळ्यात मोठ्या राजाची ही सगळ्यात मोठी कथा. ती सुरू होते एका भुकेल्या माणसापासून आणि संपते भिक्षा कशी द्यावी या शिकवणीवर. अडचण भिक्षेची होती, हे राजाश्रयाची कथाच सांगते.

आणि या कथेला दुसरी बाजू आहे, ती सहसा सांगितली जात नाही. सुहस्तींचे ज्येष्ठ गुरुबंधू आर्य महागिरी. दोघंही स्थूलभद्रांचे शिष्य. संप्रतीनं नगरातल्या विक्रेत्यांना सांगून ठेवलं होतं की साधूंना लागेल ते द्या, पैसे मी भरीन. महागिरींना संशय आला. एवढी विपुल भिक्षा मिळते कुठून? ही तर राजानं विकत घेतलेली, साधूसाठी म्हणून ठेवलेली भिक्षा झाली. सुहस्ती म्हणाले, राजा जसा वागतो तशी प्रजा वागते, त्यात नवल काय? महागिरींनी त्यांच्याशी आहारव्यवहार तोडला. म्हणजे एकत्र बसून अन्न घेणं बंद केलं. साधूंच्या जगात याहून कडक निषेध नाही.

आजच्या व्याख्यानाचा गाभा मला इथे दिसतो. धर्म पसरवायचा तर सोय लागते. सोय केली की नियम पातळ होतो. नियम पातळ झाला तर जे पसरलं ते काय? सुहस्ती नसते तर निर्ग्रंथ मगध-कोसलातच राहिले असते. महागिरी नसते तर ते सगळीकडे पोचले असते, पण निर्ग्रंथ म्हणून उरले असते का? परंपरेनं दोघांनाही आपल्या स्थविरांच्या यादीत ठेवलं. सुहस्तींना विजयी ठरवलं नाही, महागिरींना हटवादी म्हटलं नाही. हा वाद मिटवण्यापेक्षा जपून ठेवावा, असं त्या लोकांना वाटलं असावं. पुढच्या प्रत्येक सीमेवर तो पुन्हा उभा राहणारच होता.

खारवेलाबद्दल थोडक्यात सांगतो. भुवनेश्वरजवळ उदयगिरीवर हाथीगुंफेत त्याचा सतरा ओळींचा लेख आहे, साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकातला. सुरुवात अर्हंत आणि सिद्धांना वंदन करून होते. नंद राजानं पूर्वी नेलेली कलिंगजिनाची मूर्ती आपण मगधातून परत आणली, असं तो सांगतो. म्हणजे खारवेलाच्या कितीतरी आधी, नंदांच्या वेळी, कलिंगात जिनमूर्तीची पूजा होती. राजा इथेही मागून आला.

दक्षिणेची वाट

दक्षिणेची प्रसिद्ध कथा भद्रबाहू आणि चंद्रगुप्ताची. बारा वर्षांचा दुष्काळ पडणार हे ओळखून संघ उत्तरेतून दक्षिणेला निघाला आणि श्रवणबेळगोळला आला. तिथल्या चंद्रगिरी टेकडीवर सुमारे इ. स. ६०० चा लेख आहे. त्यात भद्रबाहूंचं भाकीत, उज्जैनीहून निघालेला संघ, हे सगळं आहे. चंद्रगुप्ताचं नाव मात्र नाही. प्रभाचंद्र नावाचे आचार्य आहेत. इ. स. ९३१ मध्ये हरिषेणानं लिहिलेल्या बृहत्कथाकोशात भद्रबाहू उत्तरेतच राहतात आणि चंद्रगुप्त संघ घेऊन दक्षिणेला जातो. श्वेतांबर परंपरेत या काळात भद्रबाहू नेपाळात आहेत. घटनेनंतर नऊशे वर्षांनी लिहिलेल्या गोष्टीत अशा तफावती असणारच. पण कारण म्हणून काय सांगितलं आहे? दुष्काळ. गृहस्थाच्या घरात दाणा नाही, म्हणून साधूनं प्रदेश बदलला. इथेही पुन्हा भिक्षाच.

कथा बाजूला ठेवली तरी दगडाचा पुरावा आहे. तमिळनाडूत मदुराईच्या आसपासच्या टेकड्यांत नैसर्गिक गुहा आहेत. त्यांत दगडात कोरलेल्या शय्या आहेत, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या कडेला खाच मारली आहे, आणि तमिळ ब्राह्मी लिपीत छोटे लेख आहेत. ऐरावतम महादेवन यांनी आयुष्यभर या लेखांचा अभ्यास केला. यांतले बहुतेक जैन मुनींसाठी होते, असं त्यांनी दाखवलं. मांगुळमचे लेख इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातले. त्यांत पांड्य राजाच्या अधिकाऱ्याचं दान आहे आणि वेळ्ळरै गावच्या निगमाचंही, म्हणजे व्यापारी संघटनेचंही दान आहे. 'निगम' हा उत्तरेतला शब्द तिथे तमिळ रूपात कोरलेला आहे. अळगरमलैच्या गुहेत तर दात्यांची यादी बाजारपेठेसारखी वाचता येते : मीठविक्या, कापडविक्या, लोखंडी फाळ विकणारा, सोन्याचा व्यवहार करणारा.

मला या यादीचं मोल फार वाटतं. मीठ विकणारा गावोगाव जातो. त्याला वाट ठाऊक, पाणवठे ठाऊक, कुठल्या गावात कुणाकडे थांबायचं ते ठाऊक. साधू त्याच वाटेनं गेला आणि पावसाळ्यात त्याच्याच गावाजवळच्या गुहेत राहिला. खालच्या वस्तीत भिक्षा, वर गुहेत निवास.

समुद्रापलीकडे श्रीलंकेतही निर्ग्रंथ होते. महावंस हा बौद्धांचा ग्रंथ, त्याला निर्ग्रंथांची स्तुती करायचं काही कारण नाही. तरी तो सांगतो की पांडुकाभय राजानं अनुराधपुरात निर्ग्रंथांसाठी निवास बांधले, आणि पुढे त्यांतल्या एका जागी अभयगिरी विहार उभा राहिला. विरोधकाची साक्ष अशा वेळी अधिक भरवशाची.

आपल्याकडे

आपल्या प्रदेशाचं काय? मावळात कामशेतजवळ पाले गाव आहे. तिथल्या लेण्यात अर्हंतांना नमस्कार करून सुरू होणारा एक छोटा ब्राह्मी लेख मिळाला, इसवी सनापूर्वीचा. इंद्ररक्षित नावाच्या भदंतानं लेणं आणि पोढी केली, असा त्याचा आशय. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो जैन मानला. 'अर्हंत' शब्द बौद्धही वापरत, म्हणून काहींचं मत वेगळं आहे. तेव्हा या एका लेखावर सगळा इमला उभा करू नये.

दुसरी साक्ष परंपरेची. आचार्य कालक पैठणला सातवाहन राजाकडे आले. भाद्रपद शुद्ध पंचमीला पर्युषण, आणि त्याच दिवशी तिथे इंद्राचा उत्सव. राजाची अडचण ऐकून कालकांनी पर्युषण चतुर्थीला घेतलं. श्वेतांबरांमध्ये चतुर्थीची परंपरा या प्रसंगाशी जोडली जाते. सुहस्ती-महागिरींचाच प्रश्न, आता पैठणला : गावाचा सण आणि संघाचा नियम यांची गाठ पडली तर सरकायचं कुणी? इथे नियम एक दिवस सरकला.

आणि तिसरी साक्ष भाषेची. आगमांवरचं पुष्कळ भाष्य आणि कथावाङ्मय ज्या प्राकृतात आहे तिला अभ्यासक जैन महाराष्ट्री म्हणतात. ज्या भाष्यात संप्रतीची कथा आहे त्यातच एक बारीक नोंद आहे की महाराष्ट्रात दारूच्या दुकानावर ध्वज लावतात, म्हणजे भिक्षूंना लांबूनच टाळता येतं. हे लिहिणारा, किंवा त्याला सांगणारा, आपल्या रस्त्यांवरून भिक्षेला हिंडला असला पाहिजे.

जिथे दारं बंद झाली

शेवटी पुन्हा बंगालात जाऊ. पहाडपूरला एक ताम्रपट मिळाला, गुप्त संवत १५९ चा, म्हणजे इ. स. ४७९ च्या सुमाराचा. नाथशर्मा आणि त्याची बायको रामी या ब्राह्मण जोडप्यानं निर्ग्रंथ आचार्य गुहनंदी यांच्या शिष्यांच्या विहाराला, पूजेच्या खर्चासाठी, जमीन दिली. सातव्या शतकात ह्युएन त्सांग पुंड्रवर्धनात आला तेव्हा त्याला निर्ग्रंथ पुष्कळ दिसले. पुढे मात्र ते तिथून जवळजवळ नाहीसे झाले. पुढच्या शतकांत पाल राजांनी बौद्ध विहारांना मोठा आश्रय दिला. त्याच पहाडपूरला सोमपूर महाविहार उभा राहिला. मोठ्या विहाराचं पोट भूमिदानावर चालतं. घरोघरच्या थोड्याथोड्या भिक्षेवर जगणाऱ्याचं तसं नसतं. आसपासच्या घरांची सवय बदलली, की तो शिष्यांसह पुढल्या गावाला निघतो आणि परत येत नाही.

पण पुरुलिया, बांकुडा आणि झारखंडच्या काही भागांत सराक नावाचा समाज आहे. सराक म्हणजे श्रावक. शतकानुशतकं त्यांच्याकडे साधू आले नाहीत. तरी ते शाकाहारी राहिले, पार्श्वनाथांचं नाव टिकवलं. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे की स्वयंपाक करताना 'कापणे' हा शब्द जरी तोंडातून गेला तरी ते अन्न टाकून देत. मंदिरं पडली, ग्रंथ गेले, गुरू गेले. स्वयंपाकघर तेवढं राहिलं. प्रसार सर्वांत खोल कुठे गेला होता, ते यावरून कळतं.

तेव्हा कुठला धर्म कुठे गेला हे पाहताना राजांची नावं जरूर वाचा. पण त्याच्याबरोबर हेही विचारा की त्या गावात सकाळी दार कुणी उघडलं, आणि उघडताना काय द्यायचं हे तिला कुणी शिकवलं होतं.

प्रश्नोत्तरांतून

*कोल्हापूर-सांगलीकडचे पुष्कळ जैन शेतकरी आहेत. मग व्यापाऱ्यांचा धर्म हे कसं जुळतं?*

प्रश्न योग्य आहे. मी व्यापाऱ्यांचा उल्लेख केला तो वाटेच्या संदर्भात. नव्या देशात पहिलं दार बहुधा व्यापाऱ्याचं असतं. वस्ती स्थिर झाली की शेतकरी, कारागीर सगळे येतात. मथुरेचा लोहार आपण पाहिलाच. कदंब आणि गंग राजांच्या काळात दक्षिणेत जैन संस्थांना जमिनी मिळाल्या, गावंच्या गावं जैन झाली. नवव्या शतकात जिनसेनांनी आदिपुराणात ऋषभदेवांनी शिकवलेली सहा कर्मं सांगितली, त्यांत कृषी आहे. कोल्हापूर-सांगलीचा समाज त्या कर्नाटकी परंपरेशी जोडलेला आहे. गृहस्थ हवा, हे माझं म्हणणं. तो तराजू धरतो की नांगर, हा पुढचा प्रश्न.

*आज परदेशात जैन समाज आहे. तिथे साधू कसे जातात?*

वाहन वर्ज्य असल्यामुळे पारंपरिक साधू जात नाहीत. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होतं. समुद्रप्रवास त्यांना शक्य नव्हता, म्हणून वीरचंद राघवजी गांधी हे गृहस्थ गेले. १९८० मध्ये तेरापंथाच्या आचार्य तुलसींनी समण-समणी अशी वेगळी श्रेणी सुरू केली, तिला प्रवासाची मुभा आहे. काहींना हे पटलं, काहींना नाही. म्हणजे महागिरी आणि सुहस्ती यांचं बोलणं अजून संपलेलं नाही. आपण मात्र आज इथे थांबू.